सावधान आणि कप्तान

आईच्या फोनवर ‘प्रिये, जेवलीस का?’ असा संदेश वाचला आणि मुलाच्या हातातला चहा बशीत सांडला. पाठवणारा एका मालवाहू जहाजाचा कप्तान होता. पांढरा गणवेश, रुंद खांदे, विधुर. आई इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, तीही एकटी, आणि तिची जन्माची पुंजी बँकेत. मुलगा त्याच बँकेच्या ग्राहक-सुरक्षा विभागात होता. ऑनलाइन प्रेमाचं जाळं कसं ओळखावं, यावर तो ज्येष्ठांना व्याख्यानं देई. प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात ‘सावधान’ या शब्दाने होई, म्हणून सहकारी त्याला त्याच नावाने ओळखत. आता दिव्याखालीच अंधार निघाला होता.

त्याने आधी आईच्या आणि आपल्या सामाईक खात्याला कुलूप लावून घेतलं. एका खातेदाराने अनोळखी खात्यात पैसे पाठवले, तर बँकेतून दुसऱ्याला फोन जाईल आणि तो हो म्हणेल तेव्हाच पैसे सुटतील. मग कप्तानाचं सगळं संभाषण त्याने आपल्या फोनवर घेतलं.

“आई, हा माणूस चोर आहे.”

“असेल. पण रोज संध्याकाळी रक्तदाबाच्या गोळीची आठवण करायचा. आता कोण करणार?”

“गजर लाव.”

 आईने मटार सोलायला घेतले.

पोलिसांकडे जायचं तर भक्कम पुरावा हवा. म्हणून सावधान आईच्या नावाने कप्तानाशी बोलू लागला. या वयाची बाई काय लिहील हे काही केल्या सुचेना, तेव्हा त्याने खरं तेच लिहिलं, ‘आज कंबर फार दुखते.’ कप्तानाने लगेच विचारलं, कुठे दुखते, कधीपासून, वजन उचललंस का? सावधान थबकला. कंबर वर्षभर दुखत होती आणि घरात हे कोणी विचारलं नव्हतं.

मग संदेशांत आपल्या साहेबाला त्याने सोसायटीचा अध्यक्ष केलं आणि तक्रार मांडली, की अध्यक्ष माझी कामं स्वतःच्या नावावर खपवतात. कप्तानाने लिहिलं, ‘वादळात गप्प बसणारा बुडतो, प्रिये. चारचौघांत शांतपणे विचार.’ दुसऱ्या दिवशी बैठकीत सावधानाने चारचौघांत शांतपणे विचारलं. साहेबांनी घसा खाकरला आणि श्रेय देऊन टाकलं. ही बातमी आधी कप्तानाला कळली, मग बायकोला.

“कोणाशी बोलताय एवढं?” बायकोने विचारलं.

“तपास चालू आहे.”

“तपासात लाजायचं असतं का?”

पुढच्या आठवड्यात जहाजाचं इंजीन बिघडलं. बंदरात अडकलेले खलाशी उपाशी होते. हेच इंजीन सावधानाच्या व्याख्यानात धोक्याचं लक्षण म्हणून पडद्यावर झळकत असे. तरी त्याने बायकोला समजावलं, की चोराचं खातं हाती लागायला थोडे पैसे सोडावेच लागतात. मासा गळाला लावायचा तर गांडूळ हवंच. बायकोने गांडूळ केवढं ते विचारलं. त्याने आकडा सांगितला.

“हा अजगर आहे,” ती म्हणाली.

पण खलाशी उपाशी होते. ती स्वयंपाकघरात वळताच त्याने सामाईक खात्यातून पैसे पाठवण्याचं बटण दाबलं. बाहेरच्या खोलीत आईचा फोन वाजला. सावधानाला कुलूप आठवलं. तो धावत गेला, पण कंबरेने साथ दिली नाही.

“हो, ओळखते ना,” आई बँकेतल्या मुलीला सांगत होती. “जहाजाचा कप्तान आहे. नाही, नाही, पैसे सोडू नका. मुलगा तसा बरा आहे हो, जरा प्रेमात पडलाय.”

तिने फोन ठेवला. सावधान दारात उभा होता.

“तुला ठाऊक होतं?”

“पहिल्याच आठवड्यात. सवयीने रक्तगट विचारला त्याला. नंतर पुन्हा विचारला, मग आणखी एकदा. तीन वेळा तीन निघाले. असा पेशंट जगत नाही.”

“मग बोलत का राहिलीस?”

“पैसे मागितले की नाही म्हणायचं, संपलं. गोळीची आठवण फुकट होती.”

त्याच दिवशी रीतसर तक्रार गेली. कप्तानाचा नंबर कायमचा बंद करायची वेळ आली तेव्हा सावधान घुटमळला. कंबर अजून दुखतेच, एवढं तरी कळवावं का, असं त्याने हळूच विचारलं. बायकोने फोन हिसकावून घेतला आणि ते काम स्वतःच केलं.

संध्याकाळी आईच्या फोनवर संदेश आला, ‘आई, गोळी घेतली का?’ पाठवणारा शेजारच्याच खोलीत होता. आईने चष्मा लावला आणि सावकाश उत्तर लिहिलं, ‘घेतली. तुझी कंबर कशी आहे?’

सावधानाने ते दोनदा वाचलं. तो उत्तर लिहिणार, तेवढ्यात दुसरा संदेश आला.

‘आणि रक्तगट सांग.’

त्याला तो पाठ होता. तरी त्याने पाकिटातलं कार्ड काढून एकदा खात्री करून घेतली.