इंगळे सर आपल्या खुर्चीत बसत नाईत

थांबा, हातातलं ठेवा खाली. हे मले आत्ताच्या आत्ता सांगणं हाय, नाई तं पोट फुटीन माझं!

आमच्या मॅनेजरनं, इंगळे सरांनी, आठ दिवस पोती शिवली. खरंच! हातात दाभण, गळ्यात सुतळी. आन त्याईच्या फिरत्या खुर्चीवर, पंख्याखाली कोण? पोती शिवणाऱ्या शेवंताबाई!

रिठद गावाच्या अलीकडं आमच्या शेतकरी गटाचं सोयाबीन बियाण्याचं युनिट हाय. बियाणं उगवते का नाई, हे तपासाचं काम माझं. पयलीच नोकरी. सरांचा कायदा एकच. ज्याले नवीन काही सुचलं, त्यानं सरांच्या खुर्चीत बसाचं. प्रयोग होईपर्यंत तोच साहेब, आन त्याचं काम सर करणार.

"पण सर, सुचलेलं चुकलं तं?" मी पयल्याच दिवशी इचारलं.

"चुकू दे! डोकं सगळ्याईले सारखंच असते पोरी, पगार तेवढा येगळा."

एकदा आमच्या ड्रायवरले सुचलं, का धूळ बाहेर फेकाले पंखा उलटा लावावा. सगळा भुसा ऑफिसात! सर शिंकता शिंकता म्हणे, "वा! हे बी समजलं." त्या दिवशी ड्रायवर खुर्चीत, म्हणून ट्रक सरांनी चालवला. आमचं गेट अजून वाकडं हाय.

सकाळच्या हजेरीले नाव घेत नाईत, "काय सुचलं?" इचारतात. कोणी "काई नाई" म्हणलं का चेहरा असा पडते, जसं घरी कोणी आजारी हाय.

यंदा मातर जीव टांगणीले लागला. पेरणी तोंडावर, आन बियाणं साफ कराच्या मशीनीतून निघालेल्या पयल्या खेपीतले शंभर दाणे मी ओल्या गोणपाटात ठेवले, तं उगवले साठ! सत्तर तरी पाह्यजेत, नाई तं माल बियाणं म्हणून जातच नाई, तेलाले जाते. पुन्हा तपासलं. पुन्हा साठच. बाकीचा ढीग मशीनीत जायचाच होता. गटाच्या लोकाईची सालभराची मेहनत, आन सांगणारी मी! रडूच आलं मले.

शेवंताबाई पोतं शिवता शिवताच म्हणल्या, "दाणा मशीनीतून कितीक वरून पडते, पाह्यलं काय? सोयाबीनचं साल नाजूक. लेकराले कोणी असं आपटते काय?"

सरांनी त्याईच्या हातचं दाभणच हिसकलं. "बसा!"

"अवो सर, पाय मातीचे हायत माझे."

"मंग खुर्ची पुसाले मी हाय ना!"

झालं! शेवंताबाईचे हुकूम सुरू. गोणपाटाची घसरगुंडी शिवा, मशीनीच्या तोंडाले बांधा, दाणा घसरत येऊ द्या. सरांची शिवण तीनदा उसवली. "टाके जवळ जवळ घाला ना सर! गोधडी हाय काय ते?" सर मान खाली घालून, "हो बाई."

घसरगुंडीवरून आलेले शंभर दाणे मी पुन्हा ठेवले. आज सकाळी गोणपाट उघडलं. मी मोजले. सरांनी मोजले. एक्याऐंशी! मी तं नाचलीच! शेवंताबाई खुर्चीसगट गरकन फिरल्या.

सर मातर चार उगवलेले दाणे रुमालात बांधून राह्यले.

"कायले सर?"

"घरी दाखवतो." मंग हळूच म्हणे, "नवीन लग्न झालं तवा आमच्या हिनं हेच सांगतलं होतं. बियाण्याचं पोतं फेकू नका म्हणे. मी चारचौघात म्हणलं, तुले काय समजते? त्या साली अर्धं वावर उगवलं नाई. त्याचं काही नाई पोरी. पण तवापासून तिनं मले काहीच सुचवलं नाई. इचारलं तं म्हणते, तुमी म्हणान तसं."



दुपारी सर जेवाले घरी गेले. वापस आले तं हातात पिशवी. पिशवीत काकूंचं जुनं सुती पातळ, धुतलेलं, घडी घातलेलं.

"म्हणली, गोणपाट खरखरीत राह्यते. आतून हे लावा." सरांनी चष्मा काढला, पुसला, घालाचं इसरले. "सुचलं पोरी तिले. आपल्या मनानं सुचलं!"

तवाची टाईप करून राह्यली मी, बोटं थांबतच नाईत. तुमच्यासंग झालं काय असं? घरात कोणी आधी धडाधड सुचवाचं आन आता नुसतं "तुमी म्हणान तसं" म्हणते, हाय काय असं कोणी? इचारून पाह्यलं काय त्याईले?