निपचित पडलेले सर

समाजकार्याच्या पोरांना वस्तीत शिरायला शिकवावं तर मीच. भिवंडीतले तेलुगू असोत, आगरी असोत की उत्तरेकडचे, मी सगळ्यांत साखरेसारखा विरघळतो, असं वर्गात ठासून सांगायचो.

त्या दुपारी वस्तीतल्या पॉवरलूमच्या कारखान्यात नेत्राची शेवटची परीक्षा होती. दिघाशीची पोरगी, गेल्या वर्षी यातच नापास झालेली. आता पुन्हा नापास झाली तर बाप शिक्षण थांबवून वडप्याच्या गोडाऊनला कामाला लावणार होता. म्हणून नाटुकलं मीच बसवलं. मी टीबीचा पेशंट, चादर ओढून बाकावर निपचित. नेत्राने घरच्यांना धीर द्यायचा. परीक्षक नीरजाबाई पांढऱ्या साडीत माझ्या उशाशी. खडखडाटात पोरीचा आवाज कसा पोचणार? मी कारखान्याच्या देवेशशेठना गळ घालून लूम बंद करवले.

एवढी शांतता मी भिवंडीत कधी ऐकली नव्हती. अंगावर काटा आला. डोळा किलकिला करून पाहिलं, तर वरच्या माळ्यांवरून पाय लोंबत होते. रात्रपाळीचे कामगार! आवाजात गाढ झोपणारी माणसं शांततेने जागी झाली होती. एकेक जण उतरला, डोक्यावर रुमाल टाकून माझ्याभोवती बसला.

काय हा प्रतिसाद, असं मला वाटलं.

नेत्राचा आवाज भीतीने कापत होता. "आपलं माणूस असं आडवं झालं की खचायचं नाही..."

कोणीतरी हुंदका दिला. खानावळवाल्या कमळमावशी नीरजाबाईंच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. "रडा बाय, मोकळ्या व्हा."

माझ्या ओठांवर तुळशीचं पान आलं. मी हललो नाही, पोरीचं वर्ष होतं. मग थंडगार बोटांनी माझ्या पायांचे अंगठे जुळवले आणि सुताने करकचून बांधले. पायाशी कुजबुज झाली, "लंबाई देख ले, बाँस छोटा न पड़े."

आता मात्र माझी बोबडी वळली. ताडकन उठलो आणि तोंडावर आपटलो. कोणी किंचाळलं नाही. सगळे नुसते बघत राहिले, ते जास्त भयंकर होतं.

"भरदुपारी लूम बंद म्हंजे आळीत मयत," कमळमावशी म्हणाल्या. "रीतच हाय आमची. तुमाला ठावं न्हाय?"

मला कुठलं ठाऊक असायला!

नेत्राने माझ्या पायाचं सूत सोडलं आणि सगळ्यांना हात जोडले. "चूक आमची. झोप मोडली तुमची. पण आलाच आहात तर सांगा, कोणाला खोकला आहे?" तेच तिने हिंदीतही विचारलं. हळूहळू हात वर झाले. ती एकेकाजवळ जाऊन बसली.

"पास," नीरजाबाई म्हणाल्या. "आणि सर, पुढच्या वर्षी तुम्ही हिच्या हाताखाली या."

लूम पुन्हा सुरू झाले, पाय माळ्यांवर गेले. कमळमावशींनी मला कोरा चहा दिला. "प्या. पन लूम थांबले म्हंजे कुनीतरी जातोच. आज कोन, त्ये काय कळलं न्हाय." आणि माझ्याकडेच बघत राहिल्या.

तसा माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फक्त हल्ली सकाळी डोळा उघडला की आधी पायाचे अंगठे हलवून बघतो.