नैरोबीकाकांचा फाटा

नैरोबीकाकांच्या ओसरीवर चहा मिळायचा, पण आधी आपल्या गावाच्या नावाचा अर्थ सांगावा लागे. नवा तलाठी पहिल्यांदा आला तेव्हा काकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कोनत्या गावचे?"

"आंधळगावचा."

"म्हंजे काय?"

"म्हणजे... मोहाडीकडचं."

"कुठं आहे ते नाही विचारलं बाप्पा. म्हंजे काय?"

तलाठ्यानं पुन्हा मोहाडीचा रस्ता सांगायला घेतला. काकांनी मान वळवून आत हुकूम सोडला, "चहा राहू दे वं!" आत कोणीच नव्हतं. काका एकटेच राहायचे आणि चहाही स्वतःच करायचे.

आमचं गाव अड्याळपासून दोनेक कोसांवर. काका मूळचे इथलेच. तरुणपणी चिखल्याच्या मँगनीज खाणीत कॉम्प्रेसरवर होते. तिथल्या एका साहेबाच्या ओळखीनं आफ्रिकेत गेले, केनियात, एका सोड्याच्या तळ्याकाठी कारखान्यात. पुष्कळ वर्षांनी, एकोणीसशे सत्तरच्या सुमारास, परत आले ते एक लोखंडी पेटी, दोन खाकी हाफपँटी आणि डोकंभर गावांची नावं घेऊन. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर. त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतलेली, त्यामुळे पळून जायला मला जागाच नव्हती.

"नैरोबी म्हंजे थंड पानी, मास्तर. नाकुरू म्हंजे धुळीची जागा. नारोक म्हंजे काळं. एल्डोरेट, दगडाची नदी. अन् गोरोंगोरो..." इथे काका थांबत, डोळे मिटत आणि गाय चालताना गळ्यातली घंटा हलते तशी मान हलवत. "गोरों-गोरों, गोरों-गोरों. आयकलं? घंटा आहे ते!"

त्यांचा सिद्धांत साधा होता. "तिकडचा मासाई म्हंजे गाईमागं फिरनारा मानूस. त्याले काय पाह्यजे? पानी कुठं, चारा कुठं, दगड कुठं. जे दिसलं तेच नाव. बाकी नावाचं काय लोनचं घालाचं?"

मग त्यांनी गावाचंच बारसं करायला घेतलं. बाजारचौकात धूळ फार, म्हणून तो नाकुरू. खालच्या तलावाला काळा गाळ, म्हणून तो नारोक. आधी पोरांनी टिंगल केली. पण टिंगलीतलं नाव जिभेवर लवकर बसतं. पुढे पुढे गुराखी बिनदिक्कत सांगायचा, "म्हशी नारोकात बसल्या." एकदा तर एक बैलांचा व्यापारी "नाकुरूत भेटू" असा निरोप मिळाल्यामुळे दिवसभर आसपासची गावं पालथी घालत हिंडला. सकाळी ज्या चौकात उभा राहून त्यानं भजी खाल्ली होती, तोच नाकुरू. संध्याकाळी त्यानं काकांना ज्या शिव्या दिल्या, त्यांचा अर्थ मात्र कोणाला विचारावा लागला नाही.

चौकाला कुणा पुढाऱ्याचं नाव द्यायचं निघालं, की काका ग्रामपंचायतीत ठाण मांडून बसत. "मानसाचं नाव जागेले कायले? मानूस मरते, पानी राह्यते. अन् मेलेल्याचं तं नावच काढत नाही मासाई."

"मंग पितरांच्या दिवशी कावळ्याले काय सांगत असन गा?" कोणीतरी विचारायचं, आणि सगळी पंचायत हसायची.

त्यांच्या बायकोचा विषय मी एकदाच काढला होता. "ते तिकडंच राह्यली," एवढंच म्हणाले आणि लगेच मला नैवाशा तळ्यातल्या लाटा समजावून सांगू लागले. ती ज्वरानं गेली, हे मला गावानं सांगितलं. मूलबाळ नव्हतं.

आमच्या गावचा फाटा म्हणजे मोठ्या सडकेवरचं एक मोहाचं झाड. तिथं काकांनी खाणीतली सगळी विद्या पणाला लावून, काळा खडक फोडून विहीर खणली. पाणी असं लागलं की भर उन्हात दात शिवशिवावे. अड्याळच्या बाजारी जाणारी माणसं तिथं थांबू लागली, माणसांसाठी एस.टी. थांबू लागली आणि एक दिवस थांबा मंजूर झाला. आता पाटी हवी आणि पाटीवर नाव हवं.

सभा भरली. सगळ्यांना वाटलं, काका आता मासाईंची पोतडी उघडणार. पण काका बोलायच्या आधी सखूबाई उठल्या. त्या काकांच्या बायकोच्या लहानपणच्या मैत्रीण. दोघी याच गावच्या लेकी, धानाच्या रोवणीला बांधीत एकमेकींशेजारी वाकलेल्या. सखूबाई म्हणाल्या, "कौसल्येची विहीर म्हना. ते असती तं येनाऱ्या-जानाऱ्याले तिनंच पानी पाजलं असतं."

सभेत टाळ्या पडल्या. काका म्हणाले, "नको."

आता आमच्याकडची रीत अशी, की पंगतीत पाहुणा "नको" म्हणाला की वाढप्या त्याच्या पानात आणखी दोन पुऱ्या टाकतो. "नको" खरं असू शकतं, ही शंका कोणाला शिवत नाही. काका दुसऱ्यांदा "नको" म्हणाले तेव्हा सरपंचांनी कौतुकानं मान डोलावली. तिसऱ्यांदा काकांनी हात जोडले. सरपंचांना वाटलं, आभार मानले. ठराव झाला आणि लगेच पेढेसुद्धा वाटले.

संध्याकाळी मी गेलो, तर ओसरीवर दिवा नव्हता. काकांनी मला गावाचं नाव विचारलं नाही की चहाचंही विचारलं नाही.

"मास्तर, मी मशीनवाला मानूस. मले नावांचं काय समजे? हे सारं तिनं विचारलेलं. आमच्याकडं दूध घेऊन एक म्हतारा मासाई ये. त्याले ते एकेक गाव विचारे. धड भाषा येत नव्हती, हातवारे करून विचारे. अन् मी कामावरून आलो का मले सांगे. मी म्हनो, जेवाले वाढ आधी." ते थोडं हसले. "ते गेली तवा तो म्हतारा दारात बसून होता. म्हने, आता तिचं नाव घेऊ नका. मीनं तवापासून घेतलं नाही. रडाले आलं तरी नाही घेतलं. अन् आता हे लोक रोज हाका मारतीन तिले, भर सडकेवर. मी काय करू?"

मी सरपंचांकडे जाऊन सांगून पाहिलं. सरपंच म्हणाले, "लाजून राह्यले असन जी काका!" 'कौसल्याबाईची विहीर' अशी पाटी रंगून तयार होती.

पहिली गाडी आली त्या दिवशी सगळा गाव फाट्यावर होता. पाटीला हार, बँडवाले, नारळ. काका विहिरीच्या काठावर पाठ करून बसलेले. मला धास्ती वाटत होती. ते उठून निघून गेले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता.

गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं, नेहमीची घाई आवाजात आणली आणि पाटीवरचं पहिलंच नाव उचलून घसा फोडला, "कौसल्याबाईऽऽ! चला, कौसल्याबाई, उतरा लवकर!"

काका ताडकन उठले. मोठ्यांच्या धोतराआड लपलेली पोरं, बँडवाले, सरपंच, सगळ्यांना बाजूला सारत दाराशी जाऊन उभे राहिले. बाजारकरणी टोपल्या घेऊन उतरल्या, एक कोंबडीवाला उतरला, शेवटी तलाठी उतरला. काका तिथंच. सखूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला काकांकडे बघवेना आणि नजरही हलवता येईना.

"काका, बसता का?" कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

"नाही गा," काका म्हणाले. मान उंच करून ते रिकाम्या बाकांकडे बघत होते. "कोनी राह्यलं तं नाही ना आत, पाहून राह्यलो."