सरड्याची मान आणि चारोळीचा शेअर

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं, फक्त जाहिराती नव्हत्या. मध हवा असेल तर अस्वलाला हाक मारायची, जांभळं हवी असतील तर वर बघायचं. इतका मागासलेला कारभार!

मग एक सरडा आला. त्याने जंगलातल्या कोळ्यांना गाठलं.

"अहो, तुमची जाळी प्रत्येक पायवाटेवर. नुसत्या माशा कसल्या धरता? जाळ्यांवर जाहिराती टांगू. येणारा-जाणारा बघेल. जितक्या नजरा, तितकी कमाई!"

कोळ्यांना डोळे आठ-आठ. पण त्यांनाही यात खोट दिसली नाही.

'सरडे आणि मंडळी' ही कंपनी उभी राहिली. शेअर म्हणजे पळसाचं पान, त्यावर सरड्याच्या पंजाचा ठसा. भाव अगदी गरिबाला परवडेल असा, एका चारोळीला एक. "एवढ्या स्वस्तात बुडून बुडून काय बुडणार?" असं म्हणत ज्याने-त्याने ढिगाने पानं घेतली.

त्याच जंगलात एक टिटवी राहायची. टिटव्या कशा असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. आभाळ कोसळेल म्हणून रात्री पाय वर करून निजतात. अशा बाईला शेअर बाजारात कोण विचारतंय? पण तिचा जीव शेजारच्या खारूताईत अडकलेला. खारूताईच्या ढोलीत तान्ही पिलं होती आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून साठवलेल्या चारोळ्या. एके सकाळी बघते तर काय, खारूताई तो साठा उपसून बाहेर काढत होती.

"अगं, सगळ्या?"

"पावसाळ्यापर्यंत दुप्पट होणारेत."

"त्या कशाने?"

"नजरांनी."

"नजरा खाऊन पिलं जगतात का गं?"

"झालं तुझं सुरू! मेलं तुझ्या तोंडून कधी चांगलं निघालंय का?" असं म्हणून खारूताई शेपटी उडवत निघून गेली.

टिटवीला काही चैन पडेना. ती जाऊन एका जाळ्याखाली उभी राहिली. वर जाहिरातीचं पान टांगलेलं: 'अस्वलमामांचा अस्सल मध.' गर्दी तर जत्रेसारखी. ससा आला, बघून गेला, वळसा घालून परत आला. साळिंदर आलं. खुद्द खारूताई धापा टाकत आली.

"मध घ्यायचाय का गं?" टिटवीने विचारलं.

"मध कशाला? नजर द्यायला आलेय. आपलीच कंपनी, आपण नाही बघायचं तर कुणी?"

गर्दीत मागे अस्वलही उभं होतं.

"मामा, आहे का मध?"

"कुठला मध! पोळ्याकडे जायला फुरसत कुणाला आहे? सकाळपासून माझीच जाहिरात बघतोय. शेअर आहेत ना माझे!"

टिटवीने कपाळाला पंख लावला.

पुढे कंपनीची सभा भरली. आता सरड्यांची एक खोड असते, बाळांनो. दगडावर बसला की त्याची मान आपोआप वरखाली होते. जातच तशी. पण त्या जंगलात मान हलवणं म्हणजे होकार. त्यामुळे सरडेसाहेबांनी कुणाला नाही म्हटल्याचं कुणाला आठवतच नव्हतं.

"साहेब, फायदा होणार ना?" सशाने विचारलं. मान हलली. टाळ्या पडल्या.

"दुप्पट ना?" खारूताईने विचारलं. मान हलली. शिट्ट्याही पडल्या.

तेवढ्यात टिटवी पुढे झाली. "साहेब, बघणारे सगळे तुमचेच भागीदार. विकत घेणारा एक दाखवा. ही कंपनी बुडणार, हो की नाही?"

मान हलली.

टिटवीला वाटलं, सुटली एकदाची खारूताई.

तोच साळिंदर काटे फुलवून उभं राहिलं. "बघितलंत? तोंडावर कबूल केलं! इतका सरळ गृहस्थ या जंगलात दुसरा दाखवा!"

त्या संध्याकाळी भाव दोन चारोळ्यांवर गेला. खारूताईने ढोलीच्या तळाशी राहिलेली ओंजळभर चारोळीही नेऊन घातली.

पण पानांनी भरलेल्या जाळ्यात माशी कशी अडकणार? कोळी उपाशी मरायला लागले. शेवटी जाळी सोडून ते पलीकडच्या डोंगरावर निघून गेले. नुसती जाळी वाऱ्यावर फाटली. सरडाही दिसेना. तो पळाला, की खोडाच्या रंगाचा होऊन खोडावरच बसलाय, यावर आजही दोन मतं आहेत. चारोळ्या गेल्या, यावर मात्र एकमत.

खारूताईची ढोली होती त्या ऐनाच्या झाडाखाली सगळे रडत बसले. टिटवी हळूच तिथे आली.

"आली बघा! हिच्याच तोंडाने बुडालं," ससा म्हणाला.

"तुला दिसत होतं तर हळू कानात सांगायचंस. चारचौघांत कशाला ओरडलीस?" खारूताई स्फुंदत म्हणाली.

"आधी कानातच सांगितलं होतं."

"मग जोरात सांगायचं!"

"तुझं किती गेलं?" साळिंदराने विचारलं.

"माझं... काही नाही."

खारूताईने पाठ फिरवली. बसायला कुणी जागा देईना. वर ढोलीत पिलं कुरकुरत होती. नाल्यापलीकडच्या झाडाला अजून चारोळ्या आहेत, हे टिटवीने येतानाच बघितलं होतं. पण पाठ फिरवलेल्या शेजारणीला सांगायचं तरी कसं?

टिटवी जवळ सरकली. "म्हणजे, गेली गं माझीही. वीस पानं. सांगायची लाज वाटली."

"वीस?" खारूताई गर्रकन वळली. "अगंबाई! आणि आम्हाला शहाणपण शिकवत होतीस?"

ससा फिस्सकन हसला. मग साळिंदर हसलं. सगळ्यांनाच जरा हलकं वाटलं. खारूताईने शेपटी आवरून जागा केली.

"नाल्यापलीकडे अजून फळं आहेत," टिटवी म्हणाली. "तू वरून पाड, मी खाली वेचते."

खारूताईने डोळे पुसले. "चल. पण वाटेत शहाणपणा नको हं."

"छे गं," टिटवी म्हणाली.

तात्पर्य: बुडणाऱ्या कंपनीचे दोन-चार शेअर प्रत्येकाने जरूर घ्यावेत, निदान घेतले होते असं तरी सांगावं. ज्याने बुडवलं त्याला लोक विसरतात. ज्याचं बुडालं नाही, त्याला मात्र कधी माफ करत नाहीत.