एकनाथभाऊंचं खरंखुरं इंजिन

सातपाटीत खरं वाफेचं इंजिन एकच, आणि ते आपल्या मागच्या खोलीत आहे, असं एकनाथभाऊ छातीठोकपणे सांगत. तारापूरच्या एका कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळलेला माणूस! निवृत्त झाल्यावर त्यांनी पितळेचं हातभर लांब इंजिन स्वतः घडवलं आणि खोलीभर रूळ टाकले. त्याच खोलीवर त्यांच्या बायकोचा, काशीबाईंचा डोळा होता. सुके बोंबील ठेवायला त्यांना जागा हवी होती.

अशात बोईसरहून काशीबाईंचा भाचा निमेश आपलं विजेवरचं इंजिन घेऊन आला. बटण दाबलं की दिवा, शिट्टी, धूर, सगळं हजर.

"काका, अगदी खऱ्यासारखं हाय."

"खऱ्यासारखं?" एकनाथभाऊ हसले. "माजं खरंच हाय."

"मग होऊन जाऊ दे," काशीबाईंनी पदर खोचला. "निवाडा मी करनार. तुमचं खरं नाय ठरलं तर रूळ उचला, खोली माजी."

"कबूल!" म्हणताना एकनाथभाऊंनी मनातल्या मनात खोलीच्या दारावर स्टेशनची पाटीसुद्धा ठोकली.

ओझं म्हणून काशीबाईंनी इंजिनामागच्या डब्यांत एकेक करून बोंबलांच्या जुड्या भरायला घेतल्या. निमेशचं इंजिन शहाण्या मुलासारखं फेऱ्या मारू लागलं. शिट्टी गोड, धुराला चक्क अत्तराचा वास. पण चौथी जुडी ठेवली आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली.

एकनाथभाऊंच्या मिशीत हसू मावेना. त्यांनी आपल्या इंजिनात पाणी भरलं, खाली स्पिरिटचा दिवा पेटवला आणि सगळे वाट बघत बसले. काशीबाईंचा चहा झाला. पातेलंभर कोलंबी सोलून, धुऊन झाली.

"अवो, हलनार कवा ह्ये?"

"खऱ्या इंजिनाला वाफ धरायला वेळ लागतो."

वाफ धरली आणि इंजिन जे सुटलं! चार काय, सहा जुड्या ओढत सुटलं. जाता जाता निमेशच्या इस्त्रीच्या शर्टावर तेल उडवलं, नव्या रंगाच्या भिंतीवर काजळी फासली.

"काका, माजा शर्ट!"

"खरं इंजिन असंच करतं," एकनाथभाऊ अभिमानाने म्हणाले.

"मग थांबवा त्याला!"

थांबवायची चावी इंजिनावरच, आणि ती तापलेली. एकनाथभाऊ सांडशी घेऊन खोलीभर इंजिनामागे पळाले. वळणावर इंजिनाने रूळ सोडले, स्पिरिट सांडलं आणि बोंबलांनी पेट घेतला. काशीबाईंनी कोलंबी धुतल्याचं पाणी भस्सकन ओतलं. आग विझली. भाजल्या बोंबलाच्या वासाने गल्लीतली मांजरं दारात जमली.

आता मात्र एकनाथभाऊंचा जीव टांगणीला लागला. ते खाली मान घालून उभे राहिले.

"निमेश, तुजं खेळणं हाय रे," काशीबाई शांतपणे म्हणाल्या. "ह्यांचं खरं. वाफ खरी, काजळी खरी, आग बी खरी. जिंकलात तुमी."

एकनाथभाऊंचा ऊर भरून आला. तीस वर्षांच्या संसारात बायकोने प्रथमच त्यांचं खरं मानलं होतं.

"आता मला सांगा," काशीबाई पुढे म्हणाल्या, "खरं इंजिन कोन घरात ठेवतं?"

संध्याकाळपर्यंत रूळ अंगणात माडाखाली गेले, आणि खोलीत बोंबील आले. इंजिन मासळीच्या पालथ्या टोपलीखाली झाकून एकनाथभाऊ बाहेर बसले आहेत. निमेशचं इंजिन मात्र काशीबाईंनी टीव्हीशेजारी शोकेसमध्ये मांडलंय. खेळणंच ते, घरातच शोभतं.