सुभेदार आणि धनाजीची अळी

सुभेदार लालासाहेबांच्या छातीत पेसमेकर बसून चार महिने झाले होते आणि तेवढ्यात तो अख्ख्या गावाला तोंडपाठ झाला होता. "आता काळीज मशीन चालवतंय. मिनिटाला साठ म्हंजी साठ, परेडवाणी!" असं ते दूध डेअरीवर रोज सांगत. नाडी मोजून बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही. पलटणीतल्या माणसाने हुकमावर शंका घ्यायची नसते.

त्यांची सून क्रांती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. प्रदर्शनात तिने 'ठोका कुठून सुरू होतो? किडा आणि सस्तन प्राणी' असा तक्ता लावला, तेव्हा सस्तन प्राणी म्हणून सासरे स्वतःहून हजर झाले. मेडलांसकट. किडा धनाजीने आणला. मेंढरं विकून रेशमाचे किडे पाळणारा धनाजी त्या अळीला लेकीसारखं जपत होता.

"माणसाच्या हृदयात वर उजवीकडं एक ठिपका असतो, तो इशारा देतो," क्रांती पोरांना सांगू लागली. "अळीचं हृदय म्हणजे पाठीतली लांब नळी. तिचा ठोका शेपटीकडून निघून डोक्याकडं जातो. पण दोघांचंही हृदय आपला ठोका आपणच काढतं." हे शेवटचं वाक्य सुभेदारांनी कानाआड केलं.

"हुकूम पिछाडीवरनं?" ते हसले. "असली पलटण न्हाई बघितली गड्या!"

"पिछाडीवरनं का असंना, तिला मशीन लागत न्हाई," धनाजी म्हणाला.

क्रांतीने भिंग धरलं. अळीच्या पाठीवरची रेघ फुलत-आकसत होती. सकाळच्या थंडीत ठोके भरले मिनिटाला जेमतेम तीस. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. धनाजीने अळी ओंजळीत घेतली, बराच वेळ ऊब दिली आणि परत भिंगाखाली ठेवली. पोरं मोठ्यानं मोजू लागली. अठ्ठावन्न... एकोणसाठ... साठ... एकसष्ट! पोरांनी शाळा डोक्यावर घेतली.

"आता मामंजींचं बघू," म्हणत क्रांतीने सुभेदारांच्या बोटाला नाडी मोजणारा ऑक्सिमीटर लावला. आकडा आला एकशे चार.

सुभेदार मटकन खाली बसले. "मशीन गेलं! अगं, जीप बोलव!" ते बायकोवर, राहीबाईंवर, ओरडले.

"आवं, आधी श्वास तर घ्या," म्हणत राहीबाईंनी ऑक्सिमीटर पदरात बांधला आणि जीप बोलावली.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. "मशीन ठणठणीत आहे. ते नुसता पहारा देतं. ठोके साठाच्या खाली घसरले तरच मदतीला येतं. एकशे चार तुमचे स्वतःचे, जोशात आलात की वाढतात. चार महिन्यांत मशीनने फक्त दोन टक्के ठोके दिलेत."

"आन बाकीचं?"

"तुमच्या हृदयाने."

चार महिने सुभेदार मशीनचे पोवाडे गात होते आणि आतला म्हातारा जवान मुकाट्याने ड्यूटी करत होता. त्यांना त्याचा इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

परत आल्यावर त्यांनी जीप थेट डेअरीसमोर थांबवली. संध्याकाळचं दूध घालायला सगळा गाव जमला होता.

"ऐका रं! दोन टक्के मशीन, अठ्ठ्याण्णव टक्के मी!"

रांगेतल्या धनाजीने खिशातली डबी काढली, झाकण उघडून आत मायेनं बघितलं.

"लय झ्याक, सुभेदार. आमची शंभर टक्के हाय."

राहीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि न विचारताच नवऱ्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. एकशे दहा.