वेंडलच्या पिकअपचं सबलीकरण

वेंडल क्रॅब्ट्रीच्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलने सप्टेंबरात एकदा 'कुर्र' असा आवाज काढला. आयडाहोतल्या त्या डोंगराळ गावात हिवाळ्यात जाळायची लाकडं जंगलातून ज्याची त्याने आणायची असतात आणि बर्फ कुणासाठी थांबत नाही. तेव्हा बाब गंभीर होती. थोडं वंगण घातलं असतं तर आवाज थांबला असता. पण वंगण हा नुसता उपाय झाला. वेंडलला धोरण हवं होतं.

शेजारच्या बर्लने गाडीखाली वाकून पाहिलं आणि मयताच्या घरी सोडतात तसा सुस्कारा सोडला.

"हा ॲक्सल? आणि याच्यावर तू बायकोला बसवतोस?"

झालं. भंगारातल्या एका अवजड ट्रकचे दोन्ही ॲक्सल आणून वेंडलने आपल्या हलक्या गाडीला जोडले आणि सबलीकरणाचा पहिला टप्पा पार पडला. त्यांना जुनी चाकं बसेनात, म्हणून मोठी चाकं आली. ती मडगार्डला घासू लागली, म्हणून गाडी वर उचलली. उचललेली गाडी गॅरेजात शिरेना, म्हणून दारावरची तुळई कापली. एवढाली चाकं फिरवताना इंजिनाला धाप लागली, म्हणून गिअर बदलले. प्रत्येक बदल आधीच्या बदलाने अपरिहार्य ठरवला होता. पहिला कशाने ठरवला, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

वेंडलच्या बायकोला, लोरीनला, मात्र होती. आता ती गाडीत शिडी लावून चढायची, आणि वरून रोज एकच विचारायची, लाकडं कधी आणायची? पाया भक्कम झाल्याशिवाय त्यावर भार टाकत नसतात, असं वेंडल तिला समजावून सांगे. घरातल्या शेगडीजवळचा लाकडांचा कोपरा तोवर झाडून स्वच्छ झाला होता.

ऑक्टोबर संपता संपता गाडी एकदाची जंगलाच्या नाक्यावर पोचली. तिथल्या अधिकारी बाईंनी ती रिकामीच वजनकाट्यावर घेतली, दाराच्या कडेला कंपनीने ठोकलेली पाटी वाचली आणि वजाबाकी केली.

"एकूण मंजूर वजन पाटीवर असतं तेवढंच. ॲक्सल बदलल्याने मंजुरी वाढत नाही, गाडीचं वजन तेवढं वाढतं."

"म्हणजे लाकडं किती नेता येतील?"

"तुम्ही खाली उतरलात तर एक मोळी."

"मी उतरलो तर गाडी कोण चालवणार?"

"तो प्रश्न आमच्या कार्यकक्षेत येत नाही," बाई मायेने म्हणाल्या. मग त्या स्वतः गाडीखाली वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "पण झकास झालीय हो. आमच्या ह्यांनाही दाखवायला हवी."

वेंडल रिकाम्या गाडीने आणि भरल्या छातीने परतला. लोरीनने तडक बर्लचं घर गाठलं. त्याच्या हलक्या गाडीतून एखादी खेप मिळाली असती. पण बर्लची गाडी चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेली होती. वेंडलचं पाहून त्यानेही अवजड ॲक्सल मागवले होते. त्याच्या पलीकडच्यानेही. पुढे गल्लीभर तेच. गावात उरलेली सुकी लाकडं या गाड्यांखाली ठोकळे म्हणून लागली होती.

मग बर्फ पडला. वेंडल आणि लोरीन कोट, टोप्या, हातमोजे घालून खिडकीशी बसले. बाहेर पिकअप गुडघाभर बर्फात राजासारखी उभी होती. येणारे जाणारे थांबून तिला न्याहाळत होते.

"वेंडल, मला फार थंडी वाजतेय रे," लोरीन म्हणाली. तिचा आवाज खरंच कापत होता.

"ते बघ," वेंडल म्हणाला, "आणखी एक जण वाकून पाहतोय."

हसा, हसायला काहीच हरकत नाही. पण खरं सांगा, आत्ता तुम्हाला काय विचारावंसं वाटतंय? लोरीनची थंडी गेली का, की गाडीला इंजिन कुठलं होतं?